हाताचा गुण

"अहो, ऐकलं का? उठा की आता. ऊन डोक्यावर आलं."

अक्कांनी हाक मारली आणि ओसरीवर पेपर वाचत बसलेले आमचे थोरले दीर मान वर करून म्हणाले, "उठलोय की सकाळपासनं."

"तुम्हाला नव्हं," अक्का म्हणाल्या. "ह्यांना."

ह्यांना म्हणजे कुत्र्याला. आमच्या कुत्र्याचं नाव कारभारी. नाव ठेवलं थोरल्या दिरांनीच. बेदाण्याच्या शेडवर बायका काम करायला लागल्या की हे महाराज मधोमध बसून प्रत्येकीकडे टकामका बघायचे, म्हणून कारभारी. दिरांना वाटलं फार मोठा विनोद केला. पण आमच्याकडं कारभारी म्हणजे नवरा. बायकोनं चारचौघांत "ए कारभारी, इकडं ये" म्हणायचं तरी कसं? मी नवी नवरी असताना कारभारी पिल्लू होता, तेव्हापासून मी त्याला नुसतं "यू यू" करायची. अक्कांनी त्यावर तोड काढली. त्या त्याला अहो म्हणायच्या. "अहो, जेवून घ्या." "अहो, चिखलाचे पाय घेऊन कुठं निघालात?" अहो म्हटलं की एकाच वेळी दोघं यायचे, दीर आणि कुत्रा. शेडवरच्या बायका हसून हसून बेजार व्हायच्या.

अक्का म्हणजे माझ्या थोरल्या जाऊबाई, शेवंताक्का. ही गोष्ट एकोणीस वर्षांपूर्वीची. तासगावच्या पुढं आमचं गाव, द्राक्षांच्या बागा, आणि गावाबाहेर बेदाणा वाळवायची शेड. त्या दिवशी अक्कांनी चारदा हाका मारल्या तरी कारभारी उठला नाही. शेपूट तेवढी जमिनीवर दोनदा आपटली.

"यात्रेचं मटण बाधलंय," मी म्हटलं. "काल मांडवामागं हाडांचा ढीग पडलेला. ह्यानं काय सोडलं असेल होय? हावरट मेला."

"मेला म्हणू नको गं. आजारी माणसाला मेला म्हणत न्हाईत."

"माणूस कुठाय ते?"

अक्कांनी माझ्याकडं बघितलं आणि मी गप बसले. मी म्हणजे जिभेनं फटकळ, गावात मला वैजू तिखट म्हणायचे. पण अक्कांच्या पुढं माझं काही चालायचं नाही. त्यांनी मला सासूसारखं कधी वागवलं नाही, सासू नसताना तो हक्क त्यांचाच होता तरी. माझी दोन्ही बाळंतपणं त्यांनी केली. माझी पोरगी रूपा मला आई म्हणायची, पण झोपायची मोठीआईजवळ.

त्यांना स्वतःला मूल नव्हतं. चारदा दिवस राहिले आणि चारदा गेले. चौथ्या वेळी सात महिने भरले होते. त्याच वर्षी बागेच्या बांधावर कुणीतरी डोळे न उघडलेलं पिल्लू टाकून गेलं, आणि अक्कांनी त्याला कापसाच्या बोळ्यानं दूध पाजून जगवलं. पाचपाच मिनिटांनी एकेक थेंब. दीर म्हणाले होते, ह्याला जगवलंस तर सोन्याचा हात म्हणीन तुझा. तो जगला.

तिथून गावात बोलवा झाली, शेवंताक्काच्या हाताला गुण आहे. कुणाचं पोर रात्रंदिवस रडायला लागलं, कुणाला ताप उतरेना, कुणाच्या सुनेला अन्न जाईना, की निघाले आमच्याकडं. अक्कांचं औषध एकच. काळ्या मनुका गरम पाण्यात भिजवायच्या, हातानं कुस्करायच्या, आणि आपल्या हातानं भरवायच्या. दुसऱ्या कुणी तेच केलं तर गुण येत नाही म्हणायचे लोक. मनुका तर आमच्या गावात घरोघरी पोत्यानं, पण हात एकच. एरवी ज्या बायका बारशाला अक्कांना पुढं होऊ द्यायच्या नाहीत, पाळण्याला हात लावू द्यायच्या नाहीत, त्याच बाळ तापलं की दारात उभ्या. अक्का कधी कुणाला टोचून बोलल्या नाहीत. मला एकदाच म्हणाल्या, "देवानं कूस दिली न्हाई वैजू, पर हात दिला. तेवढ्यावर चाललंय बघ माझं."

तर कारभारी आजारी पडल्यावर अक्कांनी काय करावं? मनुका भिजत घातल्या. मूठभर घातल्या, कुस्करल्या, थोडा गूळ घातला आणि मांडीवर डोकं घेऊन भरवल्या. गोड म्हटल्यावर त्यानं खाल्ल्या. संध्याकाळी परत मूठभर. रात्री त्याला उलट्या झाल्या.

"वंगाळ बाहेर पडतंय," अक्का म्हणाल्या. "बरंच झालं."

दुसऱ्या दिवशी त्याला जास्त झालं, म्हणून अक्कांनी मनुका वाढवल्या. तिसऱ्या दिवशी तो नुसता पडून. नाक सुकलेलं, डोळे आत गेलेले. पाण्याचं भांडं पुढं केलं तर प्यायचा आणि लगेच बाहेर. अक्का वाटी घेऊन बसल्या.

"अहो, दोन घास घ्या. माझ्यासाठी घ्या."

त्यानं तोंड फिरवलं. अक्कांनी वाटी त्या बाजूला नेली. त्यानं परत तोंड फिरवलं.

"असं काय करताय? लहान हायसा का आता? वैजू, ये गं जरा. धर ह्यांचा जबडा."

मी धरला. दोन्ही हातांनी वरचा आणि खालचा जबडा धरून उघडला, आणि अक्कांनी बोटांनी कुस्करलेल्या मनुका आत घशापर्यंत सारल्या. वाटीभर. तो चावला नाही. तेवढा आजारी असून त्यानं दात लावला नाही. संपल्यावर त्यानं अक्कांची बोटं चाटली. "बघ, आवडलं की," अक्का म्हणाल्या.

चौथ्या दिवशी सकाळी माझ्या लक्षात आलं की काल दुपारपासून हा लघवीला उठलेला नाही. मला राहवलं नाही. तालुक्याला जनावरांच्या दवाखान्यात मुलाणी म्हणून नवे तरुण डॉक्टर आले होते, त्यांना फोन लावला. ते मोटारसायकलवर आले, सलाईन लावलं, पोट दाबून बघितलं, हिरड्या बघितल्या.

"काय काय खाल्लंय ह्यानं?"

"यात्रेचं मटण खाल्लं असंल," अक्का म्हणाल्या. "त्याच्यावर मी दुसरं काय दिलं न्हाई बघा. मनुका तेवढ्या. सकाळ-संध्याकाळ मूठ-मूठ. कुस्करून, माझ्या हातानं."

डॉक्टरांचा हात थांबला. त्यांनी अक्कांकडं बघितलं, मग माझ्याकडं. पिशवी आवरायला लागले आणि मला म्हणाले, "वहिनी, जरा गाडीपर्यंत येता का?"

गाडीपाशी ते म्हणाले, "मूत्रपिंडं गेलीत. आता काही हातात नाही. मोठ्या दवाखान्यात न्यायचं तर न्या, पण वाटेतच जाईल असं वाटतंय."

"मटणानं?"

"मटणानं एक दिवस पोट बिघडलं असेल. ते आपोआप बरं झालं असतं." त्यांनी हेल्मेट हातात फिरवलं. "वहिनी, द्राक्षं, बेदाणे, मनुका, हे कुत्र्याला विषासारखं बाधतं. आम्हालाही अलीकडंच कळलंय."

"काहीतरीच. अहो, शेडवर गावची सगळी कुत्री बेदाणे खातात. आजवर एक मेलेलं बघितलं नाही."

"एखाद्याला चालतात, एखाद्याला मूठभरसुद्धा जीव घेतात. कुणाला बाधतील ते आधी सांगता येत नाही. आणि चार दाणे वेगळे, सहा-सात मुठी वेगळ्या. शिवाय रस्त्यावरचं कुत्रं कुठं जाऊन मरतं ते कोण बघतं?"

मी ओसरीकडं बघितलं. अक्का त्याच्या कानामागं खाजवत बसल्या होत्या.

"डॉक्टर, हे त्यांना सांगू नका."

"पण वहिनी, सांगायला तर पाहिजे. उद्या दुसऱ्या कुठल्या कुत्र्याला..."

"मी सांगते. माझ्या पद्धतीनं सांगते. तुम्ही नका सांगू, तुमच्या पाया पडते."

ते गेले. कारभारी दुपारी दोनच्या सुमाराला गेला, अक्कांच्या मांडीवर. त्या रडल्या नाहीत, नुसतं पदरानं त्याचे डोळे पुसत राहिल्या. दिरांनी बागेच्या कडेला खड्डा काढला.

संध्याकाळी अक्कांनी विचारलं, "डॉक्टर काय म्हणाले गं? तुला बाहेर नेऊन काय सांगितलं?"

हीच वेळ होती. आजही मी ती वेळ डोळ्यांपुढं आणते आणि स्वतःला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

"हाड म्हणाले. मटणातलं हाड आतड्यात घुसलं. कुणाच्या हातात नव्हतं."

अक्कांनी पदराला चिकटलेले त्याचे केस वेचले. मग म्हणाल्या, "मग मनुकांनी जिवाला थोडा आराम तर पडला असंल, न्हाई?"

"पडला असेल की," मी म्हटलं. "पडलाच असेल."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही असं माझी आई म्हणायची. त्या मी हे बावीस दिवस पोटात ठेवलं. रोज ठरवायची आज सांगते. पण अक्का येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला सांगायच्या, "कशाला तोंड लावत नव्हता, पर माझ्या हातचं शेवटपर्यंत घेतलं त्यानं." हे म्हणताना त्यांचा चेहरा जरा बरा दिसायचा. मी तिथून उठून जायची. मला वाटायचं, गेलेला जीव काही परत येत नाही, मग ह्या बाईचा हात कशाला काढून घ्या? डॉक्टर काय म्हणाले होते ते मी विसरले नव्हते. मी ते नुसतं पुढं ढकलत होते.

तेविसाव्या दिवशी मी शेडवरून घरी आले, तर ओसरीवर खालच्या आळीची कमळाबाई बसलेली. तिच्या मांडीवर तिची कुत्री, चिंगी. वर्षाचीही नसेल, तांबडी, पोट आत गेलेलं.

"दोन दिस झालं, अन्नाला शिवंना झालीया," कमळाबाई मला म्हणाली. "म्हटलं शेवंताक्काला दाखवावी. त्यांच्या हाताला गुण हाय."

आतून अक्का वाटी घेऊन आल्या. मनुका कुस्करून झाल्या होत्या, वर गूळ किसलेला. कारभारी गेल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या चालण्यात जोर होता. खाली बसल्या, चिंगीचं डोकं हातात घेतलं, आणि बोटांवर घास घेतला.

"ये गं बाय माझी. घे."

"अक्का, थांबा!"

मी इतक्या जोरात ओरडले की गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. धावत गेले आणि अक्कांच्या हातावर फटका मारला. हो, थोरल्या जावेच्या हातावर मी फटका मारला. वाटी ओसरीभर घरंगळत गेली.

"खुळी झालीस का काय?" अक्का म्हणाल्या.

"कुत्र्याला मनुका चालत नाहीत. विष आहे ते. कमळाबाई, उचल तिला आणि आत्ताच्या आत्ता मुलाणी डॉक्टरकडं ने."

"विष कुठलं?" कमळाबाई म्हणाली. "आमी रोज खातोय की!"

"माणसाला नाही. कुत्र्याला. डॉक्टर म्हणाले."

"कधी म्हणाले?"

हे अक्कांनी विचारलं. अगदी हळू. मी कमळाबाईकडं बघत राहिले. तिच्या काय ध्यानात आलं कुणास ठाऊक, तिनं चिंगीला पदरात घेतलं आणि निघून गेली.

"वैजू, डॉक्टर तुला कधी म्हणाले?"

"गाडीपाशी," मी म्हटलं.

अक्का खाली वाकल्या आणि सांडलेल्या मनुका एकेक करून गोळा करायला लागल्या. फरशी मनुकांच्या रसानं काळी झाली होती, ती त्यांनी पदरानं पुसली. मी पण खाली बसले, त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी काढून घेतला. रागानं नाही, नुसता काढून घेतला.

"हाड नव्हतं मग."

"नव्हतं."

"तोंड फिरवीत होता तो. दोनदा फिरवलं त्यानं."

"अक्का, जबडा मी धरला होता. माझ्या ह्या हातांनी."

"तू नुसता धरलास. घातलं मी." त्यांनी वाटीत बघितलं. "वासानं कळलं असंल का गं त्येला? कळलं असंल, आन् तरी माझी बोटं चाटली त्यानं."

मग त्या रडल्या. कारभारी गेला तेव्हा रडल्या नव्हत्या, चौथं मूल गेलं तेव्हाही म्हणे रडल्या नव्हत्या. त्या दिवशी ओसरीवर बसून हंबरडा फोडला. दीर बागेतून पळत आले. मी त्यांना काय सांगितलं ते मला आठवत नाही. मी पण रडत होते. अक्का मला एका शब्दानं बोलल्या नाहीत, की बावीस दिवस गप्प का राहिलीस. त्या शिव्या देतील, मला घराबाहेर काढतील, असं मी सारखं म्हणत होते मनात. त्यांनी दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

आठवड्यानं रूपा तापली. सहा वर्षांची पोर, तापात एकच धोशा, मोठीआई हवी, मोठीआई. दिवेलागणीची वेळ होती. मी अक्कांना बोलवायला गेले. त्या आल्या, पण उंबऱ्याच्या आत पाऊल टाकेनात.

"डॉक्टरचं औषध दिलंस नव्हं? झालं तर मग."

"अक्का, तिला तुम्ही हव्यात. नुसतं कपाळावर हात ठेवा."

"नको."

"पोर रडतीय हो! पोरीला मनुका बाधत नाहीत. तुम्ही गावातली किती पोरं बरी केलीत!"

"मी न्हाई केली," अक्का म्हणाल्या. "पोरं आपापली बरी झाली, वैजू. पोरांचा ताप काय, चार दिवसांनी उतरतोच. मीच म्हणत बसले, माझा हात, माझा हात. गावानं पण म्हटलं. एवढ्या वर्षांत एका मुक्या जनावरानं तेवढं खरं सांगितलं, आन् ते मी त्येच्याच घशात कोंबलं."

मी त्यांचा हात धरून ओढला. ओढत त्यांना आत आणलं आणि त्यांचा तळवा रूपाच्या कपाळावर दाबून धरला. मला वाटलं, एकदा ताप उतरला की सगळं जागेवर येईल. मी त्यांचा हात जरा सैल सोडला, तसा त्यांनी तो ओढून घेतला आणि पदरात गुंडाळला.

रूपाचा ताप दुसऱ्या दिवशी उतरला. मी अक्कांना सांगायला गेले, तर म्हणाल्या, "उतरणारच होता."

तिथून पुढं त्यांनी कुणाला हातानं काही भरवलं नाही. लोक काही दिवस आले. त्या म्हणायच्या, दवाखान्यात जावा. मग लोक यायचे थांबले. बारशाला बायका त्यांना पाळण्याजवळ पूर्वीही जाऊ देत नव्हत्या, आता त्या स्वतःच जायच्या नाहीत. जेवायला वाढताना ताट पुढं ठेवायच्या आणि मागं सरकायच्या, घास कुणाच्या तोंडात द्यायच्या नाहीत. रूपाच्या लग्नात पाठवणीची वेळ आली, पोरीनं गळ्यात पडून "मोठीआई, एक घास भरव" म्हणून हट्ट धरला, तेव्हा अक्कांनी पेढा तिच्या तळहातावर ठेवला. "तुझ्या हातानं खा गं बाय."

आणि चिंगी? चिंगी वाचली. डॉक्टरांनी दोन इंजेक्शनं दिली, कसलेसे जंत निघाले म्हणे. पुढं नऊ वर्षं जगली. लोक मला म्हणतात, तू त्या दिवशी ओरडलीस म्हणून जीव वाचला. वाचला, खरंच आहे. पण ते मी बावीस दिवस आधी सांगितलं असतं, दारं लावून, हात हातात घेऊन, तर अक्कांना ते कमळाबाईच्या देखत, बोटांवर घास असताना ऐकावं लागलं नसतं. मला माझ्या मायेचा फार भरवसा होता.

त्या कुत्रीला अक्कांचा काय लळा लागला देव जाणे. रोज संध्याकाळी खालच्या आळीतून चालत यायची आणि ओसरीवर बसायची. आधी अक्का उठून आत जायच्या. मग वय झालं, गुडघे गेले, पटकन उठता येईना. एकदा मी भाकरीचं पीठ मळत होते, बाहेर बघितलं तर चिंगी सरळ अक्कांच्या मांडीवर डोकं ठेवून झोपलेली, आणि अक्का भिंतीला पाठ लावून ताठ बसलेल्या. दोन्ही हात त्यांनी खांद्याएवढे वर धरले होते, कुत्रीला लागू नयेत म्हणून.

"वैजू," त्यांनी हाक मारली, "घे गं हिला. माझे हात दुखाया लागले."

मी बाहेर गेले, पिठाच्या हातांनीच तिला उचलून घेतली. तेव्हा कुठं अक्कांनी हात खाली घेतले.